पाहुणे येण्याआधी घर, देव येण्याआधी मन

॥ आई तुळजाभवानी प्रसन्न ॥



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ आणि त्यावरचं ज्ञानेश्वरीतलं निरूपण.
आजचा शब्द: शौच.

हा शब्द आपण आता फक्त शौचालयापुरता ठेवलाय. गीतेत मात्र तो ज्ञानाच्या लक्षणांमध्ये येतो. भगवंत अर्जुनाला सांगतात की ज्ञान कशाला म्हणायचं, आणि यादी सुरू करतात. मान नको, दंभ नको, हिंसा नको, क्षमा असावी, सरळपणा असावा, मग गुरूची सेवा, मग शौच, आणि शौचाला लागूनच स्थैर्य. रोज वाचताना आपण ही यादी एका दमात म्हणून टाकतो. आज तिच्या क्रमाकडं जरा बघू. गुरुसेवा, शौच, स्थैर्य. आधी सेवा, मग स्वच्छता, मग स्थिरपणा. मला तरी या तीन शब्दांत एक घर दिसतं.

आणि घर दिसायला सध्या दिवसही तसेच आहेत. भाद्रपदाचा वद्य पक्ष चाललाय. पितरांचे दिवस संपले की घट बसणार. आमच्या जळकोटात आता कुठल्याही गल्लीतून जा, दोरीवर, कंपाउंडवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाकळा वाळत घातलेल्या दिसतील. माळ्यावरची पितळी भांडी खाली आलीत. जळमटं काढली जातायत, भिंतींना चुना लागतोय, घटासाठी शेतातली काळी माती कुठल्या बांधावरून आणायची याची चर्चा सुरू आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, तुळजापूर इथून गाडीनं तासाभराच्या वाटेवर. त्यामुळं नवरात्रात आमच्याकडं पाहुणे येतात ते नुसते आमच्याकडं म्हणून येत नाहीत. आईच्या दर्शनाला जाता-येता मुक्कामाला येतात. हैदराबादचे, पुण्याचे, उमरग्याचे, कर्नाटकातले. लेकी माहेरी येतात. कोजागरीच्या पौर्णिमेला चालत निघालेले लोक पाणी प्यायला दारात थांबतात. म्हणजे हे घर धुणं कुणासाठी? घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी का देवीसाठी? तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपल्यावर गुरू शिष्याला निरोप देतो. तेव्हा आई, वडील आणि आचार्य यांच्या पंक्तीत तो अतिथीलाही बसवतो आणि त्याला देव मान असं सांगतो. त्या हिशोबानं बघितलं तर तिन्ही उत्तरं एकच आहेत.

आता माउलींकडं येऊ.

ज्ञानेश्वर महाराज शुचित्व समजावताना कापराचा दाखला देतात. कापराचं अंग जसं, तसंच त्याचं मन. आत एक आणि बाहेर एक असा फरकच नाही. कापराचा खडा कुठंही फोडा, आत तोच पांढरेपणा, तोच वास. बाहेरची शुद्धी कर्मानं होते, माती-पाण्यानं होते. आतली ज्ञानानं होते. दोन्ही हवंच. आणि मग माउली एकदम कडक होतात. आत काहीच नाही आणि बाहेर मात्र झगमगाट, अशा माणसासाठी ते दाखल्यांची रांगच लावतात. मेलेल्याला दागिने घालावेत, गाढवाला तीर्थात न्हाऊ घालावं, कडू भोपळ्याला वरून गूळ फासावा. त्यातला एक दाखला वाचला की मी दरवेळी थांबतो. ओस पडलेल्या घराला तोरण बांधावं, तसं ते आहे, असं माउली म्हणतात.

ओस घराला तोरण. झेंडूची फुलं ताजी, आंब्याची पानं हिरवी, आणि आत कुणी राहत नाही. किंवा राहतात, पण आतून घर ओसच आहे. सणाच्या आधी आपण जी धावपळ करतो, ती घरासाठी असते का तोरणासाठी, हा आजच्या चिंतनाचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्या कामात एक शब्द रोज वापरला जातो, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. मोडल्यावर दुरुस्त करायचं ती दुरुस्ती. मोडायच्या आधी, सगळं नीट चालू असताना, वेळ काढून बघायचं ती देखभाल. देखभालीचं कुणी कौतुक करत नाही, कारण ती नीट झाली की काहीच घडत नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला आणि तो कुणी चालू केला तर त्याला शाबासकी मिळते. तो बंदच पडू नये म्हणून महिनाभर आधी ज्यानं डिस्क साफ केली, त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. सेवा ही अशीच असते. गीतेच्या यादीत पहिल्यांदाच मान नको आणि दंभ नको हे का आलंय, ते इथं कळतं. ते दोन आधी गेले नाहीत तर पुढचं शौच हे दाखवायचं शौच होतं.

दुसरी गोष्ट लोडची. कुठलीही यंत्रणा रोजच्या वापरात ठणठणीत वाटते. तिच्यातला दोष दिसतो तो गर्दीच्या दिवशी. चार माणसांच्या घरात चौदा माणसं आली की मोरी तुंबते, टाकी रिकामी होते, फ्यूज उडतो. आपण म्हणतो, नेमकं पाहुणे आल्यावरच झालं! नेमकं काही नसतं. दोष आधीपासून होता, पाहुण्यांनी तो फक्त दाखवला. मनाचंही तेच. एरवी मी शांत स्वभावाचा आहे असं मला वाटतं, कारण माझ्या शांतपणावर लोडच येत नाही. घरात दहा माणसं, दोन बाथरूम आणि सकाळी सहाची आरती असली की माझं शौच किती आणि स्थैर्य किती, ते कळतं.

म्हणून सणाच्या आधी घरातून एक फेरी मारावी. मी ती पूजाच समजतो. देवघरापासून सुरू करायची आणि उंबऱ्यापाशी संपवायची. ज्ञानेश्वरीत शौचाच्या आधी गुरुसेवेचं भलंमोठं निरूपण येतं. त्यात माउली म्हणतात की गुरूचं घरच मी होईन, त्या घराचे उंबरे मी होईन, दारं मी होईन, दारावरचा राखणदारही मीच होईन. घराच्या एकेका भागाला हात लावताना हे आठवलं की काम जड होत नाही.

पाणी. गच्चीवरची टाकी रिकामी करून, घासून, धुऊन भरावी आणि झाकण घट्ट बसतंय का ते बघावं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. म्हणजे घट बसताना उघडा राहिलेला रांजण दसऱ्यापर्यंत डास तयार करून देतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं ते याचसाठी. आणि गळका नळ. सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, नऊ दिवसांत जवळपास चाळीस लिटर. आमच्या भागात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी माणसं किती चालतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला वॉशरच्या दहा रुपयांचं मोल सांगायला नको.

वीज. सणाला माळा लावतो, एकाच एक्स्टेन्शनवर चार गोष्टी जोडतो, पावसाळ्याची ओल भिंतीत अजून असते. बोर्डावर आरसीसीबी असेल तर त्यावर एक छोटं बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. ते दाबलं की वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ते यंत्र फक्त शोभेला बसलंय असं समजावं आणि वायरमनला बोलवावं. आमच्यात म्हणतात, बॅकअप घेतलाय असं सांगणं वेगळं आणि तो उघडून बघणं वेगळं. माझी देवावर श्रद्धा आहे हे वाक्यही अधूनमधून असंच बटण दाबून बघावं लागतं.

गॅस. नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती वाचावी. साबणाचा फेस लावून सांधे तपासावेत, काडी पेटवून कधीच नाही. गॅसचा गिझर असेल तर बाथरूमला हवा खेळती पाहिजेच. पाहुणे असले की एकामागून एक आंघोळी होतात, गिझर तासन्‌तास चालू राहतो, आणि बंद खोलीत जो कार्बन मोनॉक्साइड साठतो त्याला रंग नाही, वास नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवावा हे उत्तम. तोवर पाहुण्याला बाथरूम दाखवताना खिडकी उघडी ठेवा हे सांगायची लाज वाटू देऊ नये.

वाट. जिन्यातला दिवा, गच्चीचा कठडा, अंगणातल्या आडावरचं झाकण. घरच्या माणसाला अंधारातही कुठली पायरी मोडकी आहे ते पायाला माहीत असतं. पाहुण्याच्या पायाला ते माहीत नसतं, आणि पाहुण्यांच्या लेकरांना तर काहीच माहीत नसतं. आपण ज्याला सवयीनं चुकवून जातो, तिथंच दुसरा पडतो. स्वभावातल्या मोडक्या पायऱ्यांचंही असंच आहे. घरचे त्या चुकवून चालायला शिकलेले असतात.

इथवर सगळं बाहेरचं. आता जे खरं सांगायचंय ते.

आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. दगडाच्या रुंद भिंती, मातीत रचलेल्या. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, वर लाकडाचा पाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात इतकी गार खोली दुसरी नाही. पण माळवद पावसात गळतं. मग दर वर्षी पाऊस लागायच्या आधी काय करायचं? गळतंय तिथं नवीन माती टाकायची आणि चोपायची. हीसुद्धा देखभालच. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती मनापासून केली. पण जुनी माती कुणी काढत नसे, नवी फक्त वर चढत असे. थर फुटाचा झाला, काही घरांत दीड फुटाचा झाला, त्याहूनही जास्त झाला.

माझ्या सवयीनं मी हिशोब केला. दहा बाय पंधरा फुटांची एक खोली. वर दीड फूट माती. सव्वादोनशे घनफूट होतात. एक घनफूट कोरडी माती पंचेचाळीस किलो धरली तर दहा टनांच्या वर वजन. भरलेला ट्रक डोक्यावर ठेवून आपण खाली झोपतो. आणि ही कोरडी माती झाली, पावसात ती पाणी पिते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, हजारो माणसं झोपेतच गेली. अभ्यास करणाऱ्यांनी पुढं जे लिहून ठेवलं ते फार साधं आहे. हादरा मोठा होताच, पण माणसं बहुतेक मेली ती भिंती आणि माळवदाखाली. भिंती रुंद होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये दगड-मातीची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जमीन हलली तसे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर पडला, आतला आत. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या होत्या. म्हणून नंतर घरं मजबूत करताना दोन कामं मुख्य सांगितली गेली. वरची माती कमी करा, आणि भिंतीत आरपार दगड घाला.

गेलेल्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये. त्यांनी बापजाद्यांनी शिकवलं ते प्रामाणिकपणे केलं. आमच्या घरातही तेच होत आलं होतं. मला यातून कापराची ओवी नव्यानं कळली, एवढंच. आत-बाहेर एक असणं ही फक्त सुंदर उपमा नाही. आत एक आणि बाहेर एक असलेली भिंत उभी दिसते, वर्षानुवर्षं उभी राहतेही, पण हादरा आला की तिचे दोन पदर एकमेकांना ओळखत नाहीत.

आता आमच्या घराचं. आमच्या जुन्या वाड्यात एक माळवदाची खोली शिल्लक होती. पाहुण्यांची खोली तीच. मानाच्या पाहुण्याला तिथंच झोपवायचं, ही आजोबांपासूनची रीत. माझी थोरली आत्या सासरी भूकंपातून वाचली. तेव्हापासून ती माळवदाखाली झोपलेली नाही. नवरात्रात माहेरी यायची, ओटी भरून घ्यायची, जेवायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. मुक्काम करावाच लागला तर अंगणात बाज टाकून झोपायची, डास असोत नाहीतर थंडी. ती का असं करते हे तिनं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आजी मनात धरून बसली. "माझ्या लेकीला माहेरचं घर आता बारकं वाटायलंय," असं ती सणासुदीला म्हणायची. आत्याच्याही ते कानावर गेलं असणार. हळूहळू तिचं येणं कमी झालं. गेली चार वर्षं ती आलीच नाही. फोनवर बोलणं गोड. "यंदा न्हाई जमलं माय, पुढल्या वर्षी बघू." इकडून पण गोड. "बरं बाई, तब्येतीला जप."

हे गोड बोलणं म्हणजे काय होतं? माळवदावरची नवी माती. गळतंय तिथं थापायची आणि वर चोपायची. गळणं थांबतं, वर्ष निघतं. खाली मात्र ओझं वाढत जातं. किती घरांत, किती भावाभावांत, जावाजावांत असे थर चढलेले असतात! वाटणीचा एक थर, लग्नातल्या मानपानाचा एक थर, म्हातारपणी आई कुणाकडं राहिली त्याचा एक थर. कुणी भांडत नाही. सणाला सगळे एकत्र येतात, फोटोत हसतात. आणि मग एखाद्या दिवशी एवढ्याशा कारणानं सगळं घर खाली येतं. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून? गोष्ट एवढीशीच होती, वजन जुनं होतं.

यंदा वैशाखात वडिलांनी माळवद उतरवायचं ठरवलं. पावसाळ्यात माळवदाला हात लावता येत नाही. नवरात्राची तयारी खरं तर वैशाखातच करावी लागते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. जाणता मिस्त्री आणि एक स्थापत्य अभियंता दोघांना दाखवून काम घेतलं, कारण असं ओझं उतरवायचीही रीत असते. एका बाजूनं सगळं काढलं तर तोल जातो. दोन्हीकडून सारखं, थोडंथोडं, उतरवलेल्या मातीचा ढीग वरच न करता. चार दिवस टोपल्या उतरत होत्या. वरच्या थरांखालून जुने थर निघत गेले, प्रत्येकाचा रंग जरा वेगळा. आजी अंगणात बसून बघत होती. तिच्या लग्नानंतर कोणत्या साली माती टाकली ते ती ओळखत होती. चौथ्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "आरं, ती पोरगी ह्याच्याखाली झोपायला भेत होती व्हय रं?" वडील काही बोलले नाहीत. आजीनंही मग काही विचारलं नाही. संध्याकाळी तिनं आत्याला फोन लावायला लावला.

त्या फोनवर काय बोलणं झालं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्या दोघींचं आहे. एवढंच सांगतो की त्या दिवशी "तब्येतीला जप" हे वाक्य आलं नाही. रडणं आलं. मातीच्या घराला आरपार दगड लागतो, आणि माणसांच्या घराला असं एखादं आरपार बोलणं लागतं. सगळी भिंत पाडून नव्यानं बांधायची गरज नसते. जागोजागी एक-एक दगड पुरतो, पण तो या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पोचला पाहिजे.

शौचाला लागून स्थैर्य येतं ते असं. स्थैर्याबद्दल माउली सांगतात की शरीर बाहेर हिंडतं-फिरतं, पण आतलं मन जागचं हलत नाही. ओझं उतरलेलं आणि आत-बाहेर बांधलेलं घर हादऱ्यात टिकायची आशा असते. मनाचंही तेच.

आता थोडं आपल्या आईच्या घराकडं बघू. तुळजापूरला भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवी मंचकी निद्रा घेते. ही घोर निद्रा. घटस्थापनेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर येते. आपली आई चल मूर्ती, तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. त्या आधी तिच्या गाद्यांसाठी कापूस पिंजायची सेवा असते. लाखो लेकरं दर्शनाला येणार म्हणून आई आधी विश्रांती घेते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत पुन्हा झोपते, ती श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. तिकडं पंढरपूरला आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग काढतात आणि देव रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण काढतात, मग नित्याचे उपचार सुरू होतात.

यात मला दोन आज्ञा दिसतात. एक, पाहुण्यांच्या आधी यजमानानंही स्वतःची देखभाल करावी. आपल्याकडं उलटं होतं. घर धुते ती आई, वाकळा धुते ती बायको, फराळ करते ती बहीण, आणि नऊ दिवस उपवास धरतात त्याही याच. पाहुणे येईपर्यंत घर चकचकीत आणि घरातली बाई अंथरुणाला टेकलेली. ज्या देवीसाठी हे चाललंय ती स्वतः सणाच्या आधी आठवडाभर झोपते, आणि तिच्या लेकीला दुपारची अर्धा तास पाठ टेकायची सोय नाही, हे कुठलं शौच? पुरुषांनी वाकळ पिळायला हात लावला तर हात झिजत नाहीत. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता असं आपण श्रद्धेनं सांगतो. जनाबाईच्या मागं विठोबा शेणी वेचत, केर भरत फिरला म्हणतो. गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा घेत, कीर्तन नंतर. देवाला आणि संतांना जे काम हलकं वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं?

दुसरी आज्ञा, नंतरचीही देखभाल करावी. पाहुणे गेले की घर पुन्हा धुवावं, दुखलेल्या पाठीला तेल लावावं, कुणाच्या तोंडून काही लागट निघालं असेल तर ते वर्षभर न ठेवता त्याच आठवड्यात फोन करून मोकळं करावं. म्हणजे नवा थर चढत नाही.

नळदुर्गचा पाणीमहाल आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल. चारशे वर्षं पूर येतायत आणि तो उभा आहे. बांधणाऱ्यानं नदी अडवली, पण पाण्याला जायला वाटही ठेवली. तेच आपले नर आणि मादी धबधबे. घरातही पाहुणे, सण, कष्ट, जुनी दुःखं यांचा पूर येणारच. त्याला वाट ठेवलेली असावी.

कुणी म्हणेल, दादा, तुम्ही आध्यात्मिक लिहायला बसता आणि वॉशर, नळी, माळवद सांगता. माउली, देव उंबऱ्यावरूनच घरात येतो. उंबरा मोडका असला तर ठेच त्यालाच लागते.

आजची साधना:
घरातून एक फेरी मारा, हातात वही घेऊन. आपण रोज चुकवून चालतो अशी एक पायरी शोधा आणि ती आजच दुरुस्त करायला घ्या.
तुमच्या घरी माळवद असेल तर या पावसाळ्यानंतर जाणत्या माणसाला ते दाखवा. नवी माती टाकायच्या आधी जुनी किती आहे ते मोजा.
नात्यात जिथं नुसतं गोड बोलणं उरलंय असा एक माणूस आठवा. घट बसायच्या आत त्याला एक आरपार फोन करा.
आणि घरात जी सगळ्यात जास्त राबतेय तिला आज दुपारी झोपू द्या.

आमची ती खोली आता हलकी झालीय. वर पत्रा आहे, खाली गारव्यासाठी छत केलंय. माळवदाइतकी गार नाही, हे मान्य. भिंतीत आरपार दगड बसवलेत. आजीनं परवा आपल्या हातानं त्या खोलीत बाज टाकून ठेवलीय आणि धुतलेली वाकळ घडी करून पायथ्याला ठेवलीय. आत्या येते म्हणालीय. येईलच असं नाही, तिची भीती तीस वर्षांची आहे, ती एका पत्र्यानं जाईल असं मी धरत नाही. अंगणातली बाजही आम्ही आवरून ठेवलेली नाही. तिला जिथं झोप लागेल तिथं तिनं झोपावं.

आई भवानी, माझ्या घरात जे ओझं मी माझ्या माणसांच्या डोक्यावर ठेवलंय ते मला दिसू दे. ते उतरवायला हात दे. माझं बाहेरचं आणि आतलं एकमेकांना धरून राहू दे. तू येशील तेव्हा दाराला तोरण असेलच, पण तोरणाच्या आत घर असू दे.

उद्याचं वाचन: याच श्लोकातलं स्थैर्य.

आई राजा उदो उदो. राम कृष्ण हरी.